इलेक्ट्रॉनचा उशीर कामी आला

इलेक्ट्रॉनिकीचा इतिहास वर्गात सांगताना आपण तो साधारणपणे तीन टप्प्यांत सांगतो. आधी निर्वात नलिका म्हणजे व्हॉल्व्ह होते. १९४७ साली ट्रान्झिस्टर आला. पुढे सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर हजारो आणि मग कोट्यवधी ट्रान्झिस्टर बसू लागले. व्हॉल्व्ह आकाराने मोठे, तापणारे, भरपूर वीज खाणारे आणि फुटणारे. त्यामुळे ते मागे पडले. जुन्या रेडिओच्या पाठीमागे डोकावल्यावर दिसणारा त्यांचा तो मंद तांबूस उजेड आता संग्रहालयात जाऊन पाहावा लागतो.

हे खरे आहे, पण पुरते खरे नाही. ज्या घरात मायक्रोवेव्ह भट्टी आहे, त्या घरात एक निर्वात नलिका आजही रोज काम करते. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या यंत्रात अशीच एखादी नलिका असते. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम खाली पाठवणाऱ्या अनेक उपग्रहांवर निर्वात नलिका आहेत. १९७७ साली निघालेली आणि सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेलेली व्हॉयेजर याने चार दशकांहून अधिक काळ पृथ्वीकडे जो संदेश पाठवत राहिली, तोही निर्वात नलिकेनेच वर्धित केलेला.

मग या नलिका मागे का पडल्या नाहीत? आणि रेडिओतील व्हॉल्व्ह आणि या नलिका यांत फरक काय? हे समजून घेण्यासाठी एका अडचणीपासून सुरुवात करावी लागते. ती अडचण अशी, की इलेक्ट्रॉनला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला वेळ लागतो.

नेहमीचा व्हॉल्व्ह कोठे अडतो?

ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तयार केलेल्या ट्रायोड व्हॉल्व्हची रचना आपल्या परिचयाची आहे. तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि धनाग्राकडे ओढले जातात. वाटेत तारेची एक जाळी असते. जाळीवरचा विद्युतदाब थोडासा कमीजास्त केला, की तिच्यातून पुढे जाणारा इलेक्ट्रॉनांचा प्रवाह बराच कमीजास्त होतो. जाळी म्हणजे जणू फाटकावरचा रखवालदार. दुबळ्या संकेताने जोरदार प्रवाहावर ताबा ठेवायचा, हेच वर्धन.

या वर्णनात आपण एक गोष्ट गृहीत धरतो. जाळीने हुकूम दिला आणि इलेक्ट्रॉनांनी तो तत्क्षणी पाळला, असे आपण मानतो. प्रत्यक्षात किती वेळ लागतो, हे अकरावी-बारावीच्या गणिताने काढता येते. १०० व्होल्ट विभवांतर ओलांडलेल्या इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे ६० लाख मीटर असतो. तो शून्यापासून सुरुवात करतो, म्हणून सरासरी वेग त्याच्या निम्मा, म्हणजे ३० लाख मीटर धरू. ऋणाग्र आणि धनाग्र यांत ३ मिलिमीटर अंतर असेल, तर प्रवासाला सेकंदाचा एक अब्जांश भाग, म्हणजे १ नॅनोसेकंद लागेल. हिशेब ढोबळ आहे, पण आपल्या कामापुरता पुरेसा आहे.

मध्यम लहरींवरील आकाशवाणी केंद्राची वारंवारता १ मेगाहर्ट्झच्या आसपास असते. तेथे एक आवर्तन १००० नॅनोसेकंदांचे. त्यापुढे १ नॅनोसेकंदाचा उशीर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण वारंवारता ३००० मेगाहर्ट्झ केली तर? आता एक आवर्तन नॅनोसेकंदाच्या एक तृतीयांश भागात पुरे होते. म्हणजे इलेक्ट्रॉन वाटेत असतानाच जाळीवरचा दाब तीन वेळा वर-खाली झालेला असतो. पंगतीत वाढपी भाताचे ताट घेऊन निघावा आणि तो पानापर्यंत पोहोचण्याआधी यजमानाने तीन वेळा ‘वाढ’ आणि तीन वेळा ‘थांब’ म्हणावे, तशी इलेक्ट्रॉनची गत होते. वर्धन संपते आणि जाळीच्या मंडलात नुसती ऊर्जा वाया जाते.

याखेरीज आणखी दोन अडचणी असतात. अग्रांमधील धारिता आणि जोडतारांचे प्रवर्तन या वारंवारतेला डोईजड होतात. उपाय म्हणून अग्रे अगदी जवळ आणली आणि व्हॉल्व्ह लहान केले. पण व्हॉल्व्ह जितका लहान, तितकी त्यातून मिळणारी शक्तीही कमी. हा रस्ता लवकरच संपला.

इतक्या आखूड लहरी कशाला हव्या होत्या?

काही सेंटिमीटर लांबीच्या विद्युतचुंबकीय लहरी नव्या नव्हत्या. हाइन्रिश हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये ठिणग्यांच्या साहाय्याने विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या आणि १८९५ च्या सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी तर मिलिमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या लहरींवर प्रयोग केले. पण ठिणगीतून मिळणारी लहर दुबळी आणि तुटक असते. सलग आणि जोरदार लहर हवी असेल, तर ठिणगीचा उपयोग नाही.

१९३० नंतरच्या दशकात ही गरज निकडीची झाली. युरोपवर युद्धाचे सावट होते आणि रात्री किंवा ढगांतून येणारी विमाने कशी ओळखायची, हा प्रश्न होता. रेडिओलहरी पाठवून त्यांचा प्रतिध्वनी टिपायचा, म्हणजेच रडार, हे तत्त्व ठाऊक होते. ब्रिटनने किनाऱ्यावर उभारलेल्या रडारसाखळीत १० ते १३ मीटर तरंगलांबीच्या लहरी वापरल्या होत्या आणि त्यांसाठी शंभर मीटरहून उंच मनोरे बांधले होते.

असा मनोरा विमानात नेता येत नाही. लहरींचा झोत किती रुंद पसरेल, हे तरंगलांबी आणि तबकडीचा व्यास यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. ७५ सेंटिमीटर व्यासाची तबकडी विमानाच्या नाकात बसू शकते. तरंगलांबी १० सेंटिमीटर असेल, तर अशा तबकडीतून सुमारे ८ अंश रुंदीचा झोत मिळतो. त्या काळी विमानांत वापरत असलेल्या दीड मीटर लांबीच्या लहरींचा इतकाच अरुंद झोत हवा असेल, तर तबकडी ११ मीटर व्यासाची लागेल! म्हणून लहर १० सेंटिमीटरची, म्हणजे ३००० मेगाहर्ट्झची हवी. आणि नेमकी तेथेच व्हॉल्व्हची वाट बंद होत होती.

मैदानावरचा क्लायस्ट्रॉन

येथे विचाराला एक वेगळे वळण मिळाले. इलेक्ट्रॉनला प्रवासात वेळ लागतो ना? मग तो वेळ कमी करण्याची धडपड सोडू आणि त्याचाच उपयोग करू.

यामागचे तत्त्व शाळेच्या मैदानावर करून दाखवता येते. खडूने किंवा फक्कीने एक रेघ आखा. तीन विद्यार्थ्यांना दोन-दोन सेकंदांच्या अंतराने त्या रेघेवरून सोडा. पहिल्याने सेकंदाला १ मीटर या वेगाने रमतगमत चालायचे, दुसऱ्याने सेकंदाला १.२ मीटर, तर तिसऱ्याने सेकंदाला १.५ मीटर वेगाने भरभर चालायचे. तिघेही रेघेपासून १२ मीटरवर एकाच क्षणी पोहोचतील. पहिल्याला तेथे जायला १२ सेकंद लागतील, दोन सेकंद उशिरा निघालेल्या दुसऱ्याला १०, आणि चार सेकंद उशिरा निघालेल्या तिसऱ्याला ८. रेघेवर रांग एकसारखी होती. १२ मीटरवर तिचा घोळका झाला. त्याच वेगाने चालत राहिले, तर पुढे तो पुन्हा विस्कटेल.

आता विद्यार्थ्यांच्या जागी इलेक्ट्रॉन आणि फक्कीच्या रेघेच्या जागी तांब्याची एक पोकळी कल्पा. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की आतली हवा ठरावीक सुरात घुमते. तशी धातूच्या पोकळीत विद्युतचुंबकीय लहर ठरावीक वारंवारतेने घुमते. पोकळीच्या मध्यभागी अरुंद फट असते आणि इलेक्ट्रॉनांचा सलग झोत तिच्यातून जातो. फटीतील विद्युतक्षेत्र क्षणोक्षणी उलटसुलट होत असल्यामुळे काही इलेक्ट्रॉनांचा वेग किंचित कमी होतो, त्यांच्यामागून येणाऱ्यांचा किंचित वाढतो. पुढे रिकामी नळी असते. तिच्यात कोणीही काही करायचे नसते; फक्त वेळ जाऊ द्यायचा. मागचे पुढच्यांना गाठतात आणि सलग झोताचे घोळके बनतात. ते जेथे सर्वांत दाट होतात, तेथे दुसरी पोकळी ठेवलेली असते. प्रत्येक घोळका तिच्या फटीत अशा क्षणी शिरतो, की तेथील क्षेत्र त्याला विरोध करत असते. घोळका मंदावतो आणि त्याने गमावलेली गतिज ऊर्जा पोकळीतील लहरीला मिळते.

विद्यार्थी येथे एक चांगला प्रश्न विचारू शकतात : पहिल्या पोकळीत इलेक्ट्रॉनांचा वेग बदलायला ऊर्जा लागली नाही का? फारच थोडी लागली. कारण जेवढ्यांचा वेग वाढवला, साधारण तेवढ्यांचाच कमी केला. देणे-घेणे जवळपास फिटले. दुसऱ्या पोकळीत मात्र इलेक्ट्रॉन गटागटाने येतात आणि सारे ऊर्जा देऊनच जातात. ही ऊर्जा मुळात झोताला वेग देणाऱ्या विजेच्या पुरवठ्यातून आलेली असते. नलिकेने फक्त तिचे लहरीत रूपांतर केले.

वेगातील फरकाने घोळके तयार करण्याची ही कल्पना १९३५ साली अग्नेसा आर्सेन्येवा-हाइल आणि ऑस्कर हाइल या दांपत्याने एका शोधनिबंधात मांडली होती. अमेरिकेत रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या भावांनी १९३७ साली प्रत्यक्ष काम करणारी नलिका तयार केली आणि तिला क्लायस्ट्रॉन हे नाव मिळाले. सिगर्ड हे वैमानिक होते. अंधारात आणि ढगांत विमान चालवण्याचे धोके त्यांनी अनुभवले होते. रसेल यांना भौतिकीचे शिक्षण मिळाले होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील विल्यम हॅन्सन यांनी अनुनादी पोकळी तयार केली होती. विद्यापीठाने दोघा भावांना पगार दिला नाही; प्रयोगशाळा वापरण्याची मुभा आणि साहित्यासाठी १०० डॉलर दिले. त्या बदल्यात पुढील उत्पन्नात विद्यापीठाचा निम्मा वाटा ठरला.

क्लायस्ट्रॉनचा एक धाकटा भाऊ आहे. त्यात एकच पोकळी असते आणि समोर ऋण विद्युतदाब असलेली परावर्तक पट्टी. इलेक्ट्रॉन पोकळीतून बाहेर पडतात, पट्टीच्या विरोधामुळे मागे वळतात आणि त्याच पोकळीत परत येतात. येथे वेगवान इलेक्ट्रॉनला परतायला अधिक वेळ लागतो. जोरात वर फेकलेला चेंडू हळू फेकलेल्या चेंडूपेक्षा उशिरा खाली येतो, तसाच. म्हणून आधी जोरात निघालेला आणि नंतर हळू निघालेला, असे दोघे एकदमच परत येऊ शकतात.

आमच्या एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत असा परावर्ती क्लायस्ट्रॉन होता. आपल्याकडील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांतही तो पुष्कळांनी हाताळला असेल. परावर्तकाचा विद्युतदाब वाढवत नेला, की मापकाचा काटा चढे, शून्यावर येई, पुन्हा चढे. आम्ही निमूटपणे वाचने घेतली, आलेख काढला, वहीवर सही मिळवली. काटा पुन्हा पुन्हा का चढतो, हे ना आम्ही विचारले, ना आम्हाला कोणी सांगितले. उत्तर चेंडूच्या उदाहरणातच आहे. इलेक्ट्रॉन परत येईल तेव्हा क्षेत्र त्याला विरोध करणारे हवे. पाऊण आवर्तनानंतर ते तसे असते. पावणेदोन आवर्तनांनंतर असते. पावणेतीन आवर्तनांनंतरही असते. दरवेळी काटा चढतो. प्रवासाचा वेळ डोळ्यांना दिसावा असा तो प्रयोग होता आणि आम्ही त्याचा नुसता आलेख काढला!

मॅग्नेट्रॉन : आऱ्यांचे चाक

क्लायस्ट्रॉनमधील इलेक्ट्रॉनांचा झोत बारीक असतो, त्यामुळे त्या काळी त्यातून जाणाऱ्या प्रवाहाला मर्यादा होती. बर्मिंगहॅम विद्यापीठात मार्क ऑलिफंट यांच्या विभागात जॉन रँडल आणि हॅरी बूट हे दोघे याच प्रश्नाशी झुंजत होते. त्यांना दुसरी एक नलिका माहीत होती. अमेरिकेतील आल्बर्ट हल यांनी १९२१ साली मांडलेली मॅग्नेट्रॉन नलिका म्हणजे मध्ये दांड्यासारखे ऋणाग्र, भोवती नळकांड्यासारखे धनाग्र आणि आसाच्या दिशेने चुंबकीय क्षेत्र. हिच्यात इलेक्ट्रॉन सर्व बाजूंनी निघत असल्यामुळे प्रवाह भरपूर मिळतो. मग मॅग्नेट्रॉनचा प्रवाह आणि क्लायस्ट्रॉनच्या पोकळ्या एकत्र आणल्या तर?

रँडल यांनी हर्ट्झचे लेखन वाचले होते. हर्ट्झचे ग्राहक साधन म्हणजे बारीकशी फट असलेले तारेचे कडे. हे कडे उंचीच्या दिशेने ओढून लांब केले, तर उभी फट असलेली नळी होते. फटीच्या दोन कडा म्हणजे धारित्र आणि नळीची भिंत म्हणजे एका वेढ्याचे वेटोळे. त्यांनी तांब्याच्या जाड ठोकळ्यात मधोमध मोठे भोक पाडले, त्याभोवती सहा लहान भोके पाडली आणि प्रत्येक लहान भोक चिरेने मधल्या भोकाला जोडले. ठोकळा हाच धनाग्र, त्यातील भोके याच पोकळ्या आणि ठोकळ्याचीच भिंत ही निर्वाताची भिंत. तांबे बाहेर उघडे असल्याने ते थंड करणेही सोपे. पहिल्या नमुन्याची टोके लाखेने बंद केली होती आणि पंप सतत हवा उपसत होता. २१ फेब्रुवारी १९४० रोजी नलिका सुरू झाली. शक्ती मोजायला मोटारीचे दिवे जोडले, ते जळून गेले! सुमारे ९.८ सेंटिमीटर लांबीची लहर आणि ४०० वॅटच्या आसपास शक्ती मिळत होती.

आत काय घडते? ऋणाग्रातून निघालेला इलेक्ट्रॉन सरळ धनाग्राकडे जाऊ पाहतो, पण चुंबकीय क्षेत्र त्याला वळवते आणि तो भोवती फिरू लागतो. फिरताना तो चिरांसमोरून जातो. शेजारशेजारच्या चिरांतील विद्युतक्षेत्रे एकमेकांच्या उलट असतात आणि क्षणोक्षणी अदलाबदल करतात. ज्या इलेक्ट्रॉनला क्षेत्र पुढे ढकलते, तो लहरीकडून ऊर्जा घेतो आणि झटकन वळून ऋणाग्रावर आपटतो. असे नुकसान करणारे इलेक्ट्रॉन आपोआप बाद होतात. ज्याला क्षेत्र अडवते, तो लहरीला ऊर्जा देतो. ऊर्जा गमावल्यामुळे त्याला ऋणाग्रापर्यंत परतता येत नाही, म्हणून तो किंचित बाहेर सरकतो. तेथे त्याला विजेच्या पुरवठ्याकडून पुन्हा वेग मिळतो, पुढच्या चिरेसमोर तो पुन्हा ऊर्जा देतो आणि असे करत टप्प्याटप्प्याने धनाग्रावर पोहोचतो.

उपयोगी इलेक्ट्रॉन टिकतात आणि निरुपयोगी गळतात. यामुळे इलेक्ट्रॉनांच्या ढगाला बैलगाडीच्या चाकासारखे आरे फुटतात. आठ पोकळ्यांच्या मॅग्नेट्रॉनमध्ये चार आरे असतात. लहरीची एका चिरेकडून दुसरीकडे अदलाबदल ज्या तालाने होते, त्याच तालाने हे चाक फिरते. इलेक्ट्रॉनला धनाग्र गाठायला अनेक आवर्तने लागतात, पण आता त्याची तक्रार नाही. तो जितका रेंगाळतो, तितक्या वेळा ऊर्जा देतो.

श्रेय कोणाचे आणि उपयोग कशाचा?

पोकळ्यांच्या मॅग्नेट्रॉनचे श्रेय रँडल आणि बूट यांना दिले जाते. पण जर्मनीतील हान्स होलमान यांनी १९३५ सालीच अशा रचनेच्या एकस्वासाठी अर्ज केला होता. सोव्हिएत संघातील अलेक्सेयेव आणि माल्यारोव यांनी १९३६-३७ मध्ये तशी नलिका चालवली आणि १९४० मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. जपानमध्येही या दिशेने काम चालू होते. मग फरक कोठे पडला? बर्मिंगहॅमच्या नमुन्याला लगेच पुढचे हात मिळाले. ब्रिटनच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील एरिक मेगॉ यांनी तिला पंपाविना चालणारी बंदिस्त नलिका बनवले. मे १९४० मध्ये मोरिस पोंत यांनी फ्रान्समधून ऑक्साइडचा लेप दिलेले ऋणाग्र असलेली नलिका आणली. ते तंत्र मेगॉ यांनी उचलले आणि शक्ती अनेक पटींनी वाढली. ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर या लहरींच्या रडारने हातात पत्रा घेऊन जाणाऱ्या एका सायकलस्वाराचाही माग काढला. सप्टेंबरात टिझार्ड मंडळाने एक नलिका अमेरिकेला नेली. १९४१ मध्ये जेम्स सेयर्स यांनी चिरांमधील एकाआड एक भाग पट्ट्यांनी जोडले आणि नलिकेचे दोलन स्थिर झाले. वर्गात शोधांच्या तारखा सांगताना एखाद्या शोधामागची ही माणसांची साखळीही सांगितली पाहिजे.

उपयोगाबद्दलही मोकळेपणाने बोलावे. मॅग्नेट्रॉनच्या रडारमुळे पाणबुड्या सापडू लागल्या आणि अटलांटिक महासागरातील जहाजांचे रक्षण झाले. त्याच नलिकेने जानेवारी १९४३ पासून रात्रीच्या अंधारात शहरांवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानांना वाट दाखवली. तांब्याचा ठोकळा विमान पडले तरी नष्ट होत नाही, म्हणून ही नलिका शत्रूच्या प्रदेशावर न्यावी की नाही, यावर ब्रिटिशांत वाद झाला होता. भीती खरी ठरली. काही दिवसांतच रॉटरडॅमजवळ पडलेल्या विमानातून ती जर्मनांच्या हाती लागली.

युद्ध संपताना रेथिऑन कंपनीतील पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातील चॉकलेट मॅग्नेट्रॉनजवळ वितळले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. अन्न शिजवण्याच्या पद्धतीसाठी त्यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये एकस्वाचा अर्ज केला. पहिल्या भट्ट्या माणसाएवढ्या उंच होत्या. आज घरच्या भट्टीतील मॅग्नेट्रॉन मुठीत मावेल एवढा असतो आणि २४५० मेगाहर्ट्झची लहर निर्माण करतो.

लहरीला घाटात घालणारी नलिका

क्लायस्ट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉन आणि लहर यांची भेट फटीपुरती, क्षणभराची असते. ती सगळ्या वाटेवर चालू ठेवता येईल का? हा प्रश्न रुडॉल्फ कॉम्फनर यांना पडला. ते मूळचे व्हिएन्नाचे आणि शिक्षणाने वास्तुरचनाकार. १९३४ साली ते इंग्लंडला आले आणि १९४० मध्ये शत्रुदेशाचा नागरिक म्हणून काही महिने स्थानबद्धतेत राहिले. त्यानंतर त्यांना बर्मिंगहॅमलाच काम मिळाले.

लहर प्रकाशाच्या वेगाने जाते आणि इलेक्ट्रॉन तिच्या मागे पडतो, ही येथली अडचण. इलेक्ट्रॉनचा वेग फार वाढवण्यापेक्षा कॉम्फनर यांनी लहरीचीच वाट लांबवली. बॉलपेनातील स्प्रिंगसारख्या वेटोळ्या तारेवरून लहर धावते. तारेवरून तिचा वेग जवळजवळ प्रकाशाचाच असतो, पण घाटातील वळणांमुळे मोटार जशी सरळ अंतर हळू कापते, तशी लहर आसाच्या दिशेने हळू सरकते. वेटोळ्यातील तार सरळ अंतराच्या दहापट असेल, तर लहरीचा पुढे जाण्याचा वेग प्रकाशाच्या एक दशांश होतो. सुमारे २६०० व्होल्टने वेग दिलेला इलेक्ट्रॉन नेमका याच वेगाने जातो! वेटोळ्याच्या मधून जाणारा इलेक्ट्रॉनांचा झोत लहरीपेक्षा किंचित वेगवान ठेवला, की त्याचे घोळके होतात, ते लहरीला ऊर्जा देत राहतात आणि लहर वाटेत वाढत जाते. ही प्रगामी तरंग नलिका १९४३ मध्ये चालू झाली.

तिच्यात वारंवारतेला बांधलेली पोकळी नसल्यामुळे एकच नलिका वारंवारतांचा मोठा पट्टा वर्धित करते. १० जुलै १९६२ रोजी सोडलेल्या टेलस्टार उपग्रहावर अशी नलिका होती. व्हॉयेजरवर आणि आपल्या इन्सॅट व जीसॅट मालिकांतील अनेक उपग्रहांवरही या नलिका गेल्या.

ट्रान्झिस्टरने हे काम का घेतले नाही?

बरेचसे घेतले आहे. भ्रमणध्वनीत आणि लहान शक्तीच्या सर्व उपकरणांत ट्रान्झिस्टरच असतात; आधुनिक रडारांतही हजारो लहान ट्रान्झिस्टर-प्रेषक एकत्र काम करतात. पण वारंवारता आणि शक्ती दोन्ही मोठ्या हव्या असतील, तर निर्वाताचे फायदे उरतात. घन पदार्थात इलेक्ट्रॉन अणूंवर आपटत जातो आणि जेथे काम करतो तेथेच उष्णता सोडतो. ती जागाही अगदी इवलीशी. निर्वातात त्याला अडथळा नसतो, काही हजार किंवा लाखो व्होल्ट देऊन त्याचा वेग वाढवता येतो आणि क्लायस्ट्रॉनसारख्या नलिकेत काम झाल्यावर उरलेली ऊर्जा तो पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या जाड तुकड्यावर टाकतो.

किरणोपचाराच्या रेखीय त्वरकात हे सारे पाहायला मिळते. मॅग्नेट्रॉन किंवा क्लायस्ट्रॉन यांची शक्तिशाली लहर एका नळीत सोडतात आणि तिच्यावर स्वार झालेल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या जवळ जातो. ते धातूच्या लक्ष्यावर आपटले, की भेदक क्ष-किरण मिळतात. क्लायस्ट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉन लहरीला ऊर्जा देतात; त्वरकात लहर इलेक्ट्रॉनांना देते. तत्त्व एकच, फक्त वेळ साधण्याची बाजू उलटी. मुंबईच्या समीर या संस्थेने असा त्वरक देशात तयार केला. ‘सिद्धार्थ’ नावाचे ते यंत्र सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बसवले गेले. या नलिका देशात घडवण्याचे काम पिलानीच्या केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत आणि बंगळुरूमध्ये झाले आहे. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी किती लांब जावे लागते आणि किती दिवस थांबावे लागते, हे काही अंशी अशी यंत्रे आपल्याकडे तयार होतात की नाही, यावर अवलंबून असते.

वर्गासाठी : पापडाचा प्रयोग

मायक्रोवेव्ह भट्टीची फिरती थाळी आणि तिच्याखालचे कडे काढून ठेवा. मधल्या खुंटीला लागणार नाही अशी काचेची पसरट ताटली पालथी ठेवून तिच्यावर दोन-तीन उडदाचे पापड पसरा. भट्टी थोडे सेकंदच चालवा आणि पहिले डाग फुलताच बंद करा. पापड सगळीकडे सारखा भाजला जात नाही. काही जागा फुलतात, काही कच्च्या राहतात. भट्टी हीसुद्धा एक पोकळीच आहे आणि तिच्यात स्थिर लहरी तयार होतात. लगतच्या दोन फुललेल्या डागांच्या मध्यांतील अंतर मोजा. ते ६ सेंटिमीटरच्या आसपास येते. ही निम्मी तरंगलांबी. तिची दुप्पट करून भट्टीमागील पट्टीवर छापलेल्या वारंवारतेने, म्हणजे २४५ कोटीने गुणले, की प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर मिळतो. डाग अनियमित येतात. म्हणून प्रयोग चार-पाच वेळा करून सरासरी घ्यावी. वारंवारता आपण मोजली नाही, छापील घेतली, हेही विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे.

एक ताकीद मात्र स्पष्ट द्यायला हवी. जुनी किंवा बिघडलेली भट्टी मॅग्नेट्रॉन पाहण्यासाठी कोणीही उघडू नये. तिच्यातील धारित्रावर हजारो व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ राहू शकतो. त्याचा धक्का जीवघेणा ठरतो. मॅग्नेट्रॉनची रचना समजण्यासाठी फळ्यावरची आकृती आणि मैदानावरची फक्कीची रेघ पुरेशी आहे.